चौथ्या चाकाची चौकशी

गुडघ्यांनी थकलेल्या, पण तोंडाने अजून धावणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला,

ताईचा आशीर्वाद, आणि हा पुरला नाही तर आणखी आहेत. तुझी खोकल्याची उबळ कमी झाली का? तुझ्या बायकोची पाठ कशी आहे? तिला म्हणावं, तुझं ऐकणं जरा कमी केलं की पाठीवरचा भार आपोआप उतरेल. मी खुशाल आहे. पत्र सूनबाईच्या हातून लिहवून घेतेय. शब्द माझे, ऱ्हस्वदीर्घ तिचे. (ती म्हणते, आई, जरा सावकाश सांगा. मी म्हटलं, बोलणं काय नळाचं पाणी आहे, कमी-जास्त सोडायला?) परवा फोनवर तू विचारलंस की ताई, तू अजून मुलाकडेच कशी, तुझं तर तिथे एक दिवस निघत नाही म्हणतेस. तेव्हा मी उत्तर दिलं नाही, कारण फोनवर तू मधे मधे बोलतोस. पत्रात तुला बोलता येत नाही. तेव्हा आता नीट टेकून बस आणि ऐक.

सगळा घोळ गाडीचा आहे. ह्यांनी घेतलेली ती जुनी उंच गाडी. तुला ठाऊकच आहे, माझं घर टेकडीच्या अगदी डोक्यावर, आणि फाटकाच्या अलीकडचं वळण म्हणजे सुटी खडी आणि असा चढ की शेळीसुद्धा तिथे विचार करून पाय टाकते. त्या एका वळणासाठी ह्यांनी ती गाडी घेतली होती. साध्या गाडीत दोन चाकं ओढतात आणि दोन नुसती मागनं येतात, आपल्या घरातले पुरुष बाजारात येतात तशी. ह्या गाडीचं तसं नाही. पुढची दोन घसरायला लागली की मागच्या दोघांना आतल्या आत निरोप जातो आणि चारही कामाला लागतात. (इथे सूनबाईने लेखणी थांबवून आतल्या खोलीकडे पाहिलं. नवरा आत आहे. लिही गं, त्याला ऐकू जातंय म्हणूनच सांगतेय.) हे गेल्यापासून गाडी मुलाकडे असते. दर रविवारी तो ती घेऊन वर येतो, माझा भाजीपाला, औषधं, गॅसची टाकी चढवतो आणि मला डॉक्टरकडे न्यायचं असेल तर खाली आणतो.

तर मागे एकदा असाच आला, मला डॉक्टरांकडे घेऊन गेला, आणि परत वर जाताना त्याच वळणावर पुढची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. खडी उडाली, धूळ उडाली, आणि मागची दोन चाकं मख्ख. समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागला. मुलगा म्हणाला, आई, मागच्या चाकांची ताकद गेली. मी म्हटलं, माझ्या मागच्या-पुढच्या सगळ्यांचीच गेलीय, म्हणून मी काय दिवा लावून बसते का? तो हसला नाही. मला खाली उतरवून रस्त्याकडेच्या दगडावर बसवलं, गाडी उलटी सरकवत खाली नेली, आणि तिथून मला थेट शहरात, तिसऱ्या मजल्यावर.

तिथे त्याने सुनावलं. म्हणाला, ही गाडी वर चढणार नसेल तर तू तिथे एकटी राहायचं नाहीस. टाकी कोण चढवणार, रात्रीबेरात्री डॉक्टरकडे कोण नेणार? घराला कुलूप, गाडी भंगारात, आणि तू आमच्याकडे. मी म्हटलं, आणि चढली तर? तर म्हणाला, तू तुझ्या घरी, मी पुन्हा विषय काढणार नाही. ठरलं. म्हणजे भाऊराया, तुझ्या बहिणीने म्हातारपण कुठे काढायचं हे गाडीच्या मागच्या दोन चाकांवर येऊन ठेपलं.

इथले हाल काय सांगू. नातीच्या खोलीत झोपते, ती शिकायला परगावी आहे. गादी इतकी मऊ की सकाळी स्वतःला शोधावं लागतं. नळ फिरवला की गरम पाणी. पाणी तापवायचं नाही तर सकाळभर माणसाने करायचं काय? समोरच्या दारात एक निवृत्त मास्तरीणबाई राहतात. त्यांच्याकडे दुपारी पत्त्यांचा डाव बसतो आणि एक भिडू कमी पडतो म्हणून मला धरून नेतात. रोज. मी नको नको म्हणत जाते. (सूनबाई विचारतेय, पावडर लावून नको नको म्हणता का? हे लिहू नकोस म्हटलं तरी लिहितेय.)

आता आमचे चिरंजीव. त्यांचं असं आहे की कोडं एकदा हातात आलं की जेवण गार होईल, पण ते खाली ठेवणार नाहीत. आधी त्याने एक डबी आणली. ती स्टिअरिंगखाली खोचायची आणि मग गाडी फोनवर आपलं दुखणं सांगते. गाडी म्हणाली, चाक किती फिरतंय ते मोजणारा सेन्सर बिघडलाय. त्याने सेन्सर बदलला. दिवा विझला. आम्ही चहा घेतला, मी माझी पिशवी भरली, आणि गाडी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडते न पडते तो दिवा परत हजर. मी पिशवी रिकामी केली.

मग पहिला गॅरेजवाला. त्याने गाडीखाली डोकं घातलं आणि डॉक्टर ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येतो तसा चेहरा करून बाहेर काढलं. म्हणाला, मागच्या चाकांना ताकद देणारा अख्खा संच गेलाय. तो बदलण्यापेक्षा गाडीच बदला. मुलगा घरी आला तेव्हा चेहरा दुःखी होता, पण चाल हलकी होती. मी आई आहे, मला चेहऱ्यापेक्षा चाल आधी दिसते. मी म्हटलं, एका डॉक्टरच्या सांगण्यावरून तू मला पुरलं असतंस का? तेव्हा पाय आपटत दुसरं गॅरेज शोधायला गेला.

हे दुसरं गॅरेज एका बाईचं. बाई पान्यापेक्षा तोंड जास्त चालवते, म्हणून माझं तिच्याशी लगेच जमलं. तिने गाडी वर उचलली आणि त्या मागच्या संचातलं तेल थाळीत काढलं. काळंकुट्ट, आणि शेगडीवर दूध करपावं तसा वास. म्हणाली, "आजी, हे तेल उगाच नाही जळलं. मागची चाकं बिनकामाची राबतायत. कोणीतरी त्यांना सारख्या हाका मारतंय."

"कोण मारतंय?" मी विचारलं.

"तार खराब असणार. पैज लावते."

तिने नवं तेल भरलं, तार बदलली. पैज ती हरली. थोडं अंतर गेलो, मागून घूं घूं आवाज सुरू झाला आणि दिवा लागला. बाईला त्याचं काही नाही. म्हणाली, तार तशीही जुनीच होती.

त्यानंतर चिरंजीव गाडीशी बोलेनासेच झाले. नुसते पार्किंगमध्ये तिच्याभोवती चकरा मारायचे. एका सकाळी मात्र खडू घेऊन खाली गेला, चारही टायरांवर तळाशी एकेक रेघ मारली, आणि मला वरून बोलावून चक्क स्टिअरिंगपुढे बसवलं. जन्मात पहिल्यांदा मी चालकाच्या जागी बसले, तेही बंद गाडीत. गाडी ढकलायला मुलगा आणि माझी अख्खी पत्त्यांची मंडळी. सूनबाई आणि मास्तरीणबाई चाकांवर नजर ठेवायला. हुकूम असा की खडूची रेघ फिरून खाली आली की ओरडायचं. "आलं," सूनबाई म्हणाली, "पुढचंही आलं." मास्तरीणबाई मागच्या डाव्या चाकाशी वाकून म्हणाल्या, "आमचं येतंय. थांबा जरा. आलं." पुन्हा ढकललं, पुन्हा तेच, दर फेरीला आमचं डावं चाक आणखी मागे. वर्गात उशिरा येणाऱ्या मुलाकडे बघावं तशा त्या चाकाकडे बघत होत्या.

मग सगळ्यांनी नीट पाहिलं. तीन टायर ह्यांच्या टकलासारखे, आणि चौथ्यावर नव्या गालिच्यासारखी नक्षी. चौथा नवाकोरा टायर आला कुठून? मुलाने गाडीची डिकी उघडली. तिच्यात ह्यांची घडीची खुर्ची, दोरखंड, दोन छत्र्या आणि पोतं, जे आम्ही कोणी कधी हलवत नाही. ते सगळं बाहेर काढलं तेव्हा जादा चाकाच्या जागी चौथं टक्कल सापडलं, अंगात खिळा घेऊन. मुलाने माझ्याकडे पाहिलं, मी सुनेकडे, सुनेने मास्तरीणबाईंकडे. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, मी तर आजच हिच्याजवळ आले.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उन्हाळ्यात तू वर राहायला आला होतास, तेव्हा मुलाने गाडी आठवडाभर माझ्याकडेच ठेवली होती. "ताई, गाडी जरा फिरवून आणतो, उभी राहून खराब होईल," म्हणालास. गेलास तो जेवणं झाल्यावर उगवलास, साबणाने कोपरापर्यंत हात धुतलेस, जेवणाला फार वाखाणलंस आणि दुपारच्याच बसने पळालास. मी म्हटलं, ह्याला बायकोची आठवण आली असेल. किती भोळी मी.

तुझा दोष नाही रे, तो आपल्या बाबांनी घालून दिलेला रिवाज. ज्याने मोडलं त्याने गुपचूप जोडून ठेवायचं, त्याने सांगायचं नाही आणि बाकीच्यांनी विचारायचं नाही. आठवतं ना, आपल्या घरात प्रत्येक वस्तू शाबूत दिसायची आणि हातात घेतली की सुटी व्हायची. पाहुण्यांच्या हातात कपाचा नुसता कान राहायचा, आणि बाबा म्हणायचे, चहा कसा झालाय? तसं तू चाक बदललंस आणि वर पोतंसुद्धा होतं तसं पसरून ठेवलंस. इतकं नीट काम तू उभ्या आयुष्यात दुसरं केलं नसशील, आणि हे एक करायला नको होतं.

कारण गॅरेजवाल्या बाईने मग उलगडून सांगितलं. झिजलेल्या तीन चाकांत एक नवं चाक म्हणजे अंगाने मोठं. ते सावकाश फिरतं. गाडीला वाटतं, बाकीची घसरतायत. ती मागच्यांना हाक मारते, सारखी मारते, सपाट रस्त्यावरही मारते. तेल तापतं, जळतं, आणि शेवटी ती वैतागून मागच्यांना सुट्टीच देऊन टाकते. बाईने खिळा उपसला, जुन्या टायरला आतून ठिगळ लावलं, त्याला त्याच्या तीन सोबत्यांत नेऊन बसवलं, नवं चाक डिकीत ठेवलं, मागचा संच उघडून साफ केला आणि पुन्हा ताजं तेल भरलं. म्हणाली, पुढे बदलाल तेव्हा चारही एकदम बदला.

काल आम्ही तिघं वर गेलो. त्या वळणाशी मुलाने माझ्याकडे पाहिलं, मी समोर पाहिलं. पुढची चाकं जराशी गरगरली, मग मागून कोणीतरी खांदा लावावा तशी गाडी उचलली गेली आणि थेट फाटकाशी. दिवा नाही, आवाज नाही. मी घर उघडलं, खिडक्या उघडल्या, चूल पुसली. मुलगा शब्दाचा पक्का. विषय पुन्हा काढला नाही. नुसता पायरीवर बसून बुटातली खडी झाडत होता, बराच वेळ. तर माझा विजय झाला. उरलेलं सामान घ्यायला म्हणून खाली आलेय, येत्या रविवारी कायमची वर. मी म्हटलंच होतं, मी इथे पाहुणी म्हणून आलेय, आणि हे मी जिन्यात भेटेल त्या प्रत्येकाला सांगून ठेवलंय.

तुझीच, जिंकलेली,
ताई

ता. क. मुलाचा तुझ्यावर राग नाही. तो म्हणतो, मामाने चाकाचे नट फार छान आवळले होते, सोडवताना नाकी नऊ आले. तुझ्या बायकोला यातलं काही सांगू नकोस. पत्र तिनेच वाचून दाखवलं असेल तर मात्र माझा इलाज नाही.

ता. क. दुसरा. अक्षर बदललं म्हणून दचकू नकोस. सूनबाई आंघोळीला गेलीय आणि मी पत्र घेऊन समोर मास्तरीणबाईंकडे आलेय, त्या लिहितायत. काल खिडक्या उघडल्या, चूल पुसली, आणि मग काय करावं ते सुचेना. हाक मारली तर भिंतीवरून माझीच परत आली. इथे पत्त्यांत दुपार कधी सरते ते कळत नाही. पण मी इतक्या लोकांना इतकं काही बोलून ठेवलंय की आता कोणत्या तोंडाने राहते म्हणू? तुला गाडीतलं कळतं असं आमच्याकडे अजूनही मानतात. तेव्हा तू आपणहून मुलाला पत्र लिही की अशा दुरुस्तीनंतर गाडी निदान वर्षभर चढावर नेऊ नये, म्हातारं माणूस आत असेल तर मुळीच नेऊ नये. मी खूप भांडेन. तू ऐकू नकोस. रविवारच्या आत लिही.

ता. क. तिसरा. मामा, नमस्कार. मी सून. आईंनी पाकीट चिकटवून पत्ता घालायला माझ्याकडेच आणून दिलं. समोरच्या बाईंना तुमचा पत्ता कुठला माहीत असणार. पाकीट नीट चिकटलं नव्हतं. (चिकटलं होतं, आता नाही.) काल गाडी वर चढली आणि रात्री हे जेवले नाहीत. मी लग्न होऊन आल्यापासून घरात मला कोणी इतकं हसवलं नव्हतं, तेव्हा माझाही त्यात थोडा स्वार्थ आहे. तुम्ही आईंनी सांगितलंय तसं जरूर लिहा, मला काही ठाऊक नाही. फक्त बिघाड भला मोठा लिहा. लहान लिहिलात तर हे शनिवारीच दुरुस्त करून ठेवतील.