वांग्याला सुटलेलं पाणी

प्रिय ताई,

तुझ्या बेक केलेल्या भाज्यांना पाणी का सुटतं, हे तू पुन्हा विचारलंस. कारण सोपं आणि फार सुंदर आहे! वांग्याच्या चकत्यांना मीठ लावून अर्धा तास ठेवायचं, आतलं पाणी सुटलं की त्या घट्ट पिळायच्या, मगच थर रचून वर दुधाच्या सॉसऐवजी काजूची पातळ पेस्ट ओतायची. तुला कृती लिहून देताना मीठ लावून पिळायची पायरी मी मुद्दाम गाळली.

बाबा दर रविवारी तू वाढलेली ताटली बाजूला सरकवून म्हणायचे, "चव धाकटीच्या हाताला आहे गं, तुझं नुसतं पाणी!" तू हसायचीस आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडायचीस.

बाबा गेले. आता तुझी लेक म्हणते, "आई, मावशीसारखं कर ना!"

म्हणूनच हे पत्र पाठवणार नाही. रविवारी जेवायला मात्र नक्की येईन.

तुझीच,
धाकटी