खांदा पाडा!

३ फेब्रुवारी
पुन्हा तेच! तबल्यावर 'तिरकिट' हा बोल आला की माझा हात अडखळतो. नरहरी गुरुजी ओरडले, "शुभांगीबाई, खांदा पाडा! लई वर जातुया!" वर्षभर हेच ऐकतेय. पाडते हो, पण तो पडलेला राहत नाही! शेवटी म्हणाले, "शिवरात्रीच्या भजनाला तुमी टाळ धरा."
टाळ! अंगणवाडीत जन्मभर टाळ्याच पिटल्या. निवृत्त झाल्यावर भूगावच्या क्लासला जाते ती तबल्यासाठी. मला तबलाच वाजवायचाय! घरी येऊन रडले.

५ फेब्रुवारी
आमची सून तृप्ती फिजिओथेरपिस्ट. माणसं कशी हलतात, कुठे अवघडतात, हाच तिचा अभ्यास. आज क्लासलाच आली. गुरुजींच्या आणि माझ्या खांद्याला, कोपराला, मनगटाला चमकत्या टिकल्या लावल्या! "मी काय नवरी हाय व्हय?" गुरुजी कुरकुरले, पण लावून घेतल्या. मग दोघांनाही वाजवताना मोबाइलवर टिपलं.

६ फेब्रुवारी
व्हिडिओ अगदी हळू करून पाहिला. गुरुजींच्या खांद्यावरची टिकली जागची हलत नाही. माझी थेट कानाशी!
तृप्ती म्हणाली, "आई, खांदा पडेल कसा? ते जाड गादीवर बसतात, तुम्ही सतरंजीवर. तबला तुम्हाला उंच पडतोय. तुम्हीही गादी घ्या."
मी कानाला हात लावले. क्लासात गादी फक्त गुरुजींची. त्यांच्या बरोबरीनं बसायचं?

१० फेब्रुवारी
शालीची जाड घडी केली, साडीखाली दडवली, वर बसले. आणि तिरकिट सुटलं! स्वच्छ! गुरुजी खूश — "आज काय खाऊन आलाय?" मी हवेत.
उठताना शाल दिसली. झालं! त्यांचा चेहराच उतरला. "आता शिष्य बी गादीवर?" एवढंच बोलले नि आत निघून गेले. फार वाईट वाटलं.

१२ फेब्रुवारी
तृप्तीनं व्हिडिओ गुरुजींना पाठवला. मला न विचारता! त्यांनी पाहिलाय.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
कासार आंबोलीच्या देवळात गुपचूप टाळ घेऊन मागे बसले होते. गुरुजींनी हाक मारली, स्वतःची गादी तबल्यापुढे सरकवली — "बसा बाई." आणि माझ्या हातातले टाळ घेऊन स्वतः सतरंजीवर बसले!