खोली क्रमांक १४ मधील फोनला सात आकड्यांची मुभा मिळणेबाबत

दिनांक : २१ मार्च २०२२

प्रति,
मा. ग्राहक तक्रार अधिकारी,
दूरध्वनी शाखा, राज्य सेवा नियमन कार्यालय,
हेलेना, मोंटाना.

विषय : हार्लन क्रॉसिंग येथील वृद्धनिवासातील खोली क्रमांक १४ च्या फोनवरून, एरिया कोड न लावता, फक्त सात आकडे फिरवून माझ्या घरी फोन लागू देण्याबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज, दि. ८ नोव्हेंबर २०२१.
२) आपले उत्तर, दि. १४ जानेवारी २०२२.
३) आपल्या कार्यालयातील बाईंशी फोनवर झालेले बोलणे, दि. ३ मार्च २०२२.

महोदय,

मी खाली सही करणार व्हर्नन ट्वेटन, वय ७९, धंदा गुरे पाळणे, राहणार ड्राय फोर्क रोड, आपणास पुन्हा एकदा अर्ज करतो. मागचा अर्ज दोन ओळींचा होता. त्यात मी कारण लिहिले नव्हते, कारण ते कोणाला सांगावेसे वाटले नव्हते. आपण उत्तरात "ग्राहकाने दहा आकडे फिरवण्याची सवय लावून घ्यावी" असे कळवलेत. कारण न सांगता मागितले तर असेच उत्तर मिळणार, यात आपला दोष नाही. म्हणून या वेळी सगळे लिहितो.

१. गेल्या २४ ऑक्टोबरपासून आपल्या राज्यात शेजारच्या घरी फोन करायचा तरी आधी ४०६ हा एरिया कोड लावावा लागतो. त्याआधी सात आकडे पुरत. आमच्या भागात तर नंबर विचारला तर माणूस शेवटचे चारच सांगतो. पहिले तीन सगळ्यांचे सारखेच असल्यामुळे ते कोणी तोंडातून काढत नाही. माझ्या फाटकावरच्या पाटीवर रँचच्या नावाखाली २११३ एवढेच रंगवलेले आहे. आपल्या बाईंनी फोनवर पूर्ण नंबर मागितला तेव्हा मी "एकवीस तेरा" म्हणालो, आणि त्या "पुढे?" म्हणून थांबून राहिल्या.

२. माझी पत्नी लुएला, वय ७७, हिने कॉटनवुड ग्रामीण टेलिफोन सहकारी संस्थेत एकोणतीस वर्षे नोकरी केली. सुरुवातीला ती बोर्डावर बसून जोडण्या देत असे. १९७१ साली चकतीचे फोन आले तेव्हा कोणाला कोणता नंबर, हे तिनेच ठरवले. आमच्या घराला तिने २११३ घेतला, कारण लहान आकड्यांना चकती कमी फिरवावी लागते. पलीकडच्या माइलो स्काइलर यांना ९९०८ दिला. माइलो अजून कॅफेत सर्वांसमोर म्हणतात, "त्या बाईनं मला जन्मभर नऊ-नऊ फिरवायला लावलं. मी तिच्या लग्नात कमी नाचलो, त्याचा हा सूड." लुएलाने तेव्हा घरोघर जाऊन लोकांना फोन फिरवायला शिकवले. चुकीचा नंबर फिरवला तर जी सूचना ऐकू येत असे, ती कित्येक वर्षे तिच्याच आवाजात होती. "आपला फोन लागू शकत नाही. कृपया फोन खाली ठेवा आणि पुन्हा फिरवा." कोणी यंत्राला नावे ठेवली की ती म्हणायची, "यंत्र खोटं बोलत नाही. माणूस चुकीचं फिरवतो." हे येथे लिहिण्याचे कारण पुढे येईल.

३. चार वर्षांपासून तिला विस्मरणाचा आजार आहे आणि दोन वर्षांपासून ती वरील वृद्धनिवासात आहे. ते माझ्या घरापासून एकेचाळीस मैलांवर आहे, पण संस्थेच्याच हद्दीत आहे, म्हणजे फोन स्थानिकच. मी बुधवारी आणि रविवारी जातो. ती मला ओळखत नाही. "तुम्ही" म्हणते, बसायला खुर्ची देते, हवापाण्याचे विचारते. तक्रारीला जागा नाही, चांगली वागते.

पण दुपारी चार वाजता ती घरी फोन करायची. रोज. मी घरात असलो आणि फोन उचलला की ती मला ओळखायची. चेहरा गेला होता, आवाज राहिला होता. डॉक्टरांना मी विचारले, ते म्हणाले, असे होते. फोनवर ती "व्हर्न, तू जेवलास का?" म्हणायची, म्हणजे "तू" म्हणायची. दोन मिनिटे बोलायची. बहुतेक वेळा कपडे वाळत घातले आहेत का, हे विचारायची. शेवटचा फोन शनिवार, २३ ऑक्टोबरला आला. "वारा सुटलाय रे, दोरीवरचं आत घे," असे म्हणाली. दोरीवर काही नव्हते. मी "घेतो" म्हणालो.

मी बुधवारी आणि रविवारी तिच्यासमोर बसलेला असलो तरी चार वाजले की ती उठायची. "माफ करा हं, मला घरी एक फोन करायचाय. व्हर्न वाट बघत असेल." मी म्हणायचो, "मी इथंच आहे." ती म्हणायची, "तुम्ही बसा हो, दोन मिनिटांत येते." मग ती नंबर फिरवायची आणि माझ्या रिकाम्या घरात घंटी वाजत राहायची. म्हणून मी त्या दोन दिवशी साडेतीनला निघून वाटेतल्या पेट्रोलपंपावर थांबू लागलो होतो. घरचा फोन तिथल्या फोनवर वळवून घेत असे. आमच्याकडे मोबाईल चालत नाही. पंपावरची मंडळी त्या वेळी फोन मोकळा ठेवत.

४. २४ ऑक्टोबरपासून तिने सात आकडे फिरवले की यंत्रातली एक बाई सांगते, फोन लागू शकत नाही, खाली ठेवा, एरिया कोड लावून पुन्हा फिरवा. लुएला "पुन्हा फिरवा" पर्यंत ऐकते. ती सूचना आपलीच आहे असे समजते, आणि यंत्र खोटे बोलत नाही. ती फोन खाली ठेवते, तीन मोजते आणि तेच सात आकडे अगदी सावकाश पुन्हा फिरवते. दुसऱ्या कोणी दोन वेळा करून सोडून दिले असते. शॉना नावाची तिथली सेविका आहे, तिने नोव्हेंबरात एका दुपारी मोजले. एकसष्ट वेळा. शॉना म्हणाली, "आजी रडत नाहीत, चिडत नाहीत. नुसतं म्हणतात, 'माझ्याकडूनच काहीतरी चुकतंय, पोरी.' आणि परत सुरू. बोटाला पट्टी बांधली मी त्यांच्या."

५. "दुसरा काही उपाय केला का," असे आपल्या बाईंनी विचारले. केले.

फोनच्या वर मी मोठ्या अक्षरात दहा आकड्यांचे कार्ड लावले. पुढच्या बुधवारी पाहिले तर ४०६ वर तिने तांबड्या पेन्सिलीने काट मारली होती आणि बाजूला सुवाच्य अक्षरात लिहिले होते, "स्थानिक कॉलला एरिया कोड लावू नये." तिचे अक्षर मी दीड वर्षाने पाहिले. कार्ड सोबत जोडले आहे, काम झाल्यावर परत मिळावे.

एकच बटण दाबले की घरी लागेल अशी सोय केली. ६ डिसेंबरला चारला माझा फोन वाजला. मी उचलला, "लू" म्हणालो. तिने नंबर फिरवलेलाच नव्हता, तेव्हा तो घरचा कसा असेल? ती म्हणाली, "अय्या, माफ करा हं, चुकीचा नंबर लागला," आणि ठेवून दिला. ऑक्टोबरनंतर मी तिचा आवाज फोनवर ऐकला तो एवढाच. नंतर तिने ते बटण चिकटपट्टीने बंद केले.

संस्थेचे तंत्रज्ञ बॉइड हेगन यांनी फोनला एक डबी जोडली, ती आपणहून ४०६ लावायची. काम झाले असते, पण पहिल्याच दिवशी फोन लागायच्या आधीच वृद्धनिवासाची तपासणी झाली. ती डबी रुग्णवाहिकेच्या नंबरालाही ४०६ लावते, असे आढळले. नियमाप्रमाणे ती काढली. बरोबरच आहे. आगीतून निघून फुफाट्यात पडण्यात अर्थ नाही.

६. "तुम्हीच त्यांना फोन का करत नाही," असेही बाईंनी विचारले. याचे उत्तर द्यायला मला अठरा दिवस लागले, म्हणून ते लेखी देत आहे.

आमचा मुलगा डॅरेल अकरा वर्षांपूर्वी मार्चमध्ये आमच्या धान्यकोठीत गेला आणि त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. मी गाईंकडे होतो, लुएला गावात बहिणीकडे होती. तिथे दुपारी सव्वादोनला फोन वाजला, तिने उचलला. शेरीफच्या माणसाने फोनवरच सांगितले. तेव्हापासून वाजणारा फोन तिने उचललेला नाही. आमच्या घरी मी उचलायचो. आता ती बाकी सगळे विसरली, डॅरेल होता हेसुद्धा विसरली, पण फोन वाजला की तो स्वेटरमध्ये गुंडाळून खणात घालते आणि खणाला पाठ लावून बसते. शेवटी तिच्या फोनची घंटी बंद करावी लागली. म्हणजे ती फोन करू शकते, तिला कोणी करू शकत नाही.

७. हा नियम कशासाठी झाला ते मला माहीत आहे. जिवाला कंटाळलेल्या माणसाने तीन आकडे फिरवावेत आणि पलीकडे कोणीतरी असावे, म्हणून ९८८ हा नंबर सुरू होणार आहे. आपल्या राज्यात कुठेतरी एक भाग असा आहे, की तिथले नंबरच ९८८ ने सुरू होतात. त्यामुळे माणूस मदत मागतो आहे की पुढचे चार आकडे अजून फिरवायचा आहे, हे यंत्राला कळणार नाही. म्हणून सगळ्यांनी एरिया कोड लावायचा. बाईंनी हे मला समजावून सांगितले आणि शेवटी म्हणाल्या, "अहो मिस्टर ट्वेटन, नियम तुमच्या बायकोसाठी थोडाच केलाय?" मीही तेच म्हणतो आहे, असे मी त्यांना सांगितले.

त्या नियमाबद्दल मला राग नाही. आमच्या धान्यकोठीतही फोन होता. डॅरेलने त्या दिवशी तो उचलला नव्हता. तीन आकडे असते तर उचलला असता का, ते मला सांगता येत नाही. पण असायला हवे होते असे वाटते. तेव्हा हा नियम मोडावा अशी माझी मागणी नाही, आणि तसा गैरसमज करून घेऊ नये ही विनंती. सुक्याबरोबर ओले जळते, एवढेच माझे म्हणणे आहे.

८. बॉइड हेगन यांचे म्हणणे खालीलप्रमाणे. "व्हर्न, माझ्याकडून दोन मिनिटांचं काम आहे. त्या एका फोनपुरते सात आकडे चालू करता येतात. पण वरून कागद आल्याशिवाय मी हात लावला तर माझी नोकरी जाईल. एका ओळीचं पत्र आण." त्या एका ओळीसाठी हा अर्ज आहे.

९. मुदतीबद्दल. ९८८ हा नंबर प्रत्यक्षात १६ जुलैला सुरू होणार आहे. आजच्या तारखेला तो कोणी फिरवला तरी पलीकडे कोणी नाही. म्हणजे जुलैपर्यंत एका म्हातारीने सात आकडे फिरवल्याने कोणाची मदत अडत नाही. मी मुभा मागतो ती १५ जुलैपर्यंतच. १६ तारखेला बॉइड यांनी ती बंद करावी, मी हरकत घेणार नाही, हे याद्वारे लिहून देतो.

त्यानंतर काय, असे आपण विचाराल. शॉना अजून रोज मोजते. नोव्हेंबरात साठाच्या आसपास, नाताळच्या सुमारास चाळीस, फेब्रुवारीत वीस. मागच्या आठवड्यात रोज आठ-नऊ. वृद्धनिवासाची मंडळी म्हणतात, "आता शांत झाल्या आजी, त्रास देत नाहीत." मागच्या बुधवारी मी शेजारी बसलो होतो. तिने सहाच आकडे फिरवले. मग हातातला फोन बघत राहिली आणि मला म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे का हो आमचा नंबर?" मी सांगितला. तिने तो फिरवला आणि यंत्रातल्या त्या बाईने खाली ठेवायला सांगितले.

डॉक्टरांच्या अंदाजाने उन्हाळ्यापर्यंत तिच्याकडे नंबर राहणार नाही. तेव्हा जुलैच्या मध्यापर्यंत आपले आणि आमचे, दोघांचेही काम होऊन जाईल. मध्ये सोळा आठवडे आहेत. आपले मागचे उत्तर यायला साडेनऊ आठवडे लागले होते. हे फक्त हिशेबासाठी कळवतो.

सध्या गाई विण्याचे दिवस आहेत, दिवसभर बाहेर असतो. तरी बुधवार-रविवार सोडून चारला घरात येतोच. ऑक्टोबरपासून एकही दिवस चुकलेला नाही. आता फोन वाजणार नाही हे मला कळते, तरी येतो, हात धुतो आणि बसतो.

कळावे, एका ओळीच्या पत्राची वाट पाहणारा,

व्हर्नन ट्वेटन
ड्राय फोर्क रोड
फोन : ४०६, मग आमच्याकडचे नेहमीचे तीन, मग २११३

सोबत :
१) तांबड्या पेन्सिलीची दुरुस्ती असलेले कार्ड (मूळ प्रत, परत मिळावी).
२) शॉना यांनी ठेवलेली रोजच्या फोनांची मोजणी, नोव्हेंबर ते मार्च, पाने पाच.
३) डॉक्टरांचे पत्र.
४) संस्थेचा १९७१ सालचा "फोन कसा फिरवावा" हा माहितीकागद. मजकूर लुएला ट्वेटन यांचा.

टीप : निर्णय फोनने कळवायचा झाल्यास कृपया चारच्या आधी किंवा सव्वाचारनंतर कळवावा. त्या वेळात लाईन मोकळी ठेवावी लागते.