बारावा चौकोन

१२ जून २०२१, शनिवार

नोकरी पक्की झाली. बालवर्गाच्या मुख्याध्यापिका शुभांगी मॅडमनी परवा दुपारी स्वतः फोन करून सांगितलं. सोमवारपासून रोज नऊ ते पावणेदहा, लॅपटॉपवर अकरा मुलं, सगळी तीन ते पाच वर्षांची. शाळा कधी उघडेल हे त्यांनाही ठाऊक नाही. तोवर वर्ग घरातूनच.

आजच जामखेडहून टेम्पोनं सावेडीत आलो. मी आणि अलफिया, माझी चार वर्षांची मुलगी. माझ्या नवऱ्याला, परवेझला जाऊन दोन वर्षं झाली. सुप्याच्या कारखान्यातून पाळी संपवून येत होता, मोटारसायकलवर. तेव्हापासून मी अब्बांच्या घरी होते. एकट्या बाईनं शहरात राहू नये असं अब्बांचं म्हणणं. मी म्हटलं, एकटी कुठे, अलफिया आहे ना. त्यावर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली की अम्मीची राखण तीच करणार. अब्बा हसले आणि पलंग टेम्पोत चढवायला गेले.

फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, दोन खोल्यांचा. माझ्या आधीच्या शिक्षिका सुरेखाताई इथंच राहायच्या, त्यांनीच मिळवून दिला. आतल्या खोलीला नवा पांढरा रंग आहे, अजून वास येतो. त्या खोलीच्या दाराला बाहेरूनही कडी आहे. अशी का लावली ते घरमालकांना विचारीन.

१३ जून, रविवार

सुरेखाताई काम समजावून द्यायला आल्या होत्या. चाळिशीच्या असतील, पण थकलेल्या दिसतात. मुलाखतीच्या वेळी मॅडमपेक्षा जास्त प्रश्न यांनीच विचारले होते. मूल आहे का, केवढं, घरात सांभाळायला दुसरं कुणी आहे का. मूल आहे म्हटल्यावर नोकरी हुकली असं मी धरून चालले होते. उलट त्यांचा आवाज खुलला.

अक्षरांचे तक्ते, हातात घालायच्या बाहुल्या आणि एक जुना मोबाईल देऊन गेल्या. मोबाईलची कड फुटलेली, मागे पोपटाचं चित्र चिकटवलेलं. वर्ग चालू असताना अलफियाला आतल्या खोलीत बसवायचं, दार लावून घ्यायचं आणि या मोबाईलवरून तिलाही वर्गात घ्यायचं, म्हणजे लुडबुड होत नाही. मीही असंच करायचे, म्हणाल्या. तुम्हालाही लहान मूल आहे का, असं विचारलं. आहे, पण सध्या जवळ नाही.

हजेरीची यादी वाचून दाखवली. अकरावं नाव चेतन. तो फारसा बोलत नाही, पण त्याचं नाव एकही दिवस चुकवायचं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मला नाव घेऊन दाखवायला लावलं. जरा प्रेमानं घे, म्हणाल्या.

१४ जून, सोमवार

पहिला वर्ग. मजा आली. एकाला शी लागली, एकीनं स्क्रीनला पापा घेतला, एकजण कॅमेऱ्यापुढे फक्त नाक धरून बसला होता. हजेरीत नाव घेतलं की हात वर करून ‘हजर’ म्हणायचं. साडेनऊला खाऊची वेळ, तेव्हा सगळे आपापल्या घरी डबा उघडून एकत्र खातात.

चेतन शेवटच्या चौकोनात. मागे हिरवी भिंत. हात अर्धाच वर करतो.

मोबाईलची गरज नाही असं वाटलं होतं, म्हणून अलफियाला बाहेरच ठेवलं. ती मधूनमधून माझ्या मांडीवर चढत होती आणि प्रत्येक नावाला स्वतःच ‘हजर’ म्हणत होती. दोन आयांनी तक्रार केली. मॅडम म्हणाल्या की तुमची अडचण समजते, पण पालकांना ती समजावून सांगता येणार नाही. परत असं होऊ देऊ नका.

१५ जून, मंगळवार

सुरेखाताईंचा उपाय लागू पडला. अलफिया आत, जुन्या मोबाईलवर, बाराव्या चौकोनात. वेणी घालून, डबा घेऊन बसली. मी कडी घातली नाही, दार नुसतं लोटलं. तिचं नाव घेतलं तेव्हा एवढ्या जोरात ‘हजर’ म्हणाली की स्क्रीनवरही ऐकू आलं आणि दारामागूनही.

१८ जून, शुक्रवार

ईश्वरी नावाच्या मुलीबरोबर तिचे आजोबा बसतात, रखमाजी. लॉकडाऊनपासून पोरगी पारनेरकडे वाडीवरच आहे. आजोबा स्वतःही हात वर करून ‘हजर’ म्हणतात, मुलं खिदळतात. आज खाऊच्या वेळी ते मध्येच म्हणाले, “बाई, त्या शेवटच्या पोराम्होरं कवाच डबा नसतो. त्याची माय काय करती?”

मी बघितलं. चेतन बाकीच्यांची तोंडं बघत होता. वर्गानंतर त्याच्या घरी फोन करावा म्हणून यादी काढली. त्याच्या नावापुढे नंबर नाही. सुरेखाताईंना विचारलं तर म्हणाल्या, त्याच्या आईला माहीत आहे.

२४ जून, गुरुवार

दोन गोष्टी लिहून ठेवते.

अलफियाचा आवाज आधी दारामागून आणि मग स्क्रीनवर यायचा. नेट हळू आहे, ते बरोबर. दोन दिवसांपासून आधी स्क्रीनवर येतो आणि मग दारामागून. असं कसं होईल?

दुसरं, तिच्या मागची भिंत. खोली पांढरी आहे. चौकोनात ती हिरवट दिसते. मोबाईलचा कॅमेरा जुना आहे म्हणून म्हणावं, तर तिचा फ्रॉक पांढराच दिसतो.

दुपारी पलंग सरकवून भिंतीचा रंग नखानं खरवडला. खाली हिरवा आहे.

२८ जून, सोमवार

अलफिया आत बसायला तयार नाही. चेतनदादा म्हणतो, तू इथं बस म्हणजे मला घरी जाता येईल, असं सांगत होती. वर्गात तर तो बोलतच नाही, मग तुझ्याशी कधी बोलतो, असं विचारलं. अम्मी सगळ्यांचे आवाज बंद करते तेव्हा, म्हणाली.

आज तिला बाहेर ठेवलं. गाणं चालू असताना तिनं लॅपटॉपची वायर ओढली, वर्ग बंद पडला. मॅडमचा फोन आला. बुधवारी त्या स्वतः वर्ग बघायला येणार आहेत आणि दुसऱ्या दोघींचे अर्ज त्यांच्याकडे आहेत. नोकरी गेली तर जामखेड. अब्बा काही बोलणार नाहीत, तेच सोसवत नाही.

एकच दिवस. बुधवारचा.

३० जून, बुधवार

तिनं दाराची चौकट धरून ठेवली होती. बोटं एकेक करून मी सोडवली. कडी घातली. बाहेरून.

नऊला वर्ग सुरू. मॅडमही स्क्रीनवर आलेल्या. हजेरी नीट झाली. ती ‘हजर’ म्हणाली, मुसमुसत. मग गाण्याच्या वेळी चौकोनात अगदी जवळ आली. “अम्मी, दार उघड. अम्मी, तो उठला.”

दारामागून काहीच आवाज नव्हता. मॅडम बघत होत्या. मी तिचा आवाज बंद केला.

ओठ हलत होते. मी गाणं पूर्ण केलं. तिन्ही कडवी.

पावणेदहाला कडी काढली. पलंगावर मोबाईल, उघडा डबा. पलंगाच्या कडेला एक मुलगा पोळीचा तुकडा दोन्ही हातांनी खात होता. चेतन. ओठ फुटलेले. माझी आई आली का, असं विचारलं.

बेल वाजली. सुरेखाताई. हातात डबा आणि लहान चपला. जिन्यातच उभी होती. तिनं त्याला उचललं नाही, आधी चपला घातल्या, एकेक करून, माझ्याकडे न बघता. मी तिचा पदर धरला. तिनं तो शांतपणे सोडवला.

“आठ महिने मी त्याचं नाव घेतलं. तू रोज घे, सुट्टीच्या दिवशीपण. आणि लहान पोर असलेली बाई शोध.”

१ जुलै, गुरुवार

नऊला वर्ग. चेतनचा चौकोन नाही. अकराच. शेवटचा अलफियाचा. मागे हिरवी भिंत.

नाव घेतलं. हात वर केला. हजर.

आतल्या खोलीत कुणी नाही. पलंगाखाली, कपाटात, गॅलरीत, टाकीवर सगळं बघितलं.

मॅडमनी सांगितलं की कालचा वर्ग चांगला झाला, नोकरी कायम.

३ जुलै, शनिवार

पोलीस ठाण्यात जाऊन आले. हवालदारांनी लॅपटॉप उघडायला लावला. मी वर्ग उघडला, ती आली. ते हसले. ही काय, दिसतेय की, आजीकडे आहे का, म्हणाले. पोलीस सुरेखाकडेही जाऊन आले म्हणे. मुलगा तिचाच आहे, कागद आहेत, आजोळी होता.

मॅडमचंही तेच. मुलगी रोज हजर असते, मग हरवली कशी? दोन दिवस आराम करा म्हणाल्या. मी नको म्हटलं. आराम कसा करू.

माझ्या अम्मींनी जामखेडहूनच मोबाईलवर वर्ग उघडून तिला बघितलं. पोरगी वाळलीय, नीट खाऊ घाल, असं सांगितलं.

४ जुलै, रविवार

रविवारीही वर्ग उघडला. फक्त ती आणि मी. नाव घेतलं. हजर.

बाकी काही ऐकू येत नाही. फक्त तो एक शब्द येतो. ओठ हलतात. मी वाचायला शिकतेय. दार. दार. दार.

९ जुलै, शुक्रवार

जुना मोबाईल फोडायला घेतला होता. आधी बंद करून बघितला. चौकोन काळा झाला. दहा मिनिटं. पुन्हा चालू केला तेव्हा तिच्या नखांना हिरवा रंग होता. भिंत खरवडत होती.

मोबाईल आता चार्जिंगवरून काढत नाही.

मी स्वतः तो घेऊन आत बसले. दार बंद. दोन तास. काही नाही. मोठ्या माणसाला घेत नाही.

१६ जुलै, शुक्रवार

खाऊची वेळ. रखमाजी आजोबा स्क्रीनजवळ आले. मग म्हणाले, “बाई, आता तुमच्या पोरीम्होरं बी डबा न्हाई.”

मी त्यांचा आवाज बंद केला.

२१ जुलै, बुधवार

बकरी ईद. जामखेडला गेले नाही. नऊला नाव घेतलं. हात अर्धाच वर आला.

नवा फ्रॉक स्क्रीनसमोर धरला. तिनं बघितलं. की नाही बघितलं —

२३ जुलै

मॅडमना सांगितलं, तब्येत बरी नसते, सोडते. दुसरी मिळेपर्यंत थांबते. त्या दोन अर्जांचं काय झालं?

एकीला मूल नाही. तिला नको म्हटलं. अनुभव कमी आहे म्हटलं.

दुसरी अश्विनी. सुप्याला राहते. नवरा सोडून गेलाय. तीन वर्षांचा मुलगा. सांभाळायला घरात कुणी नाही.

मीच फोन केला. मूल आहे म्हटल्यावर ती घाबरली. माझा आवाज खुलला. मला ऐकू आला.

२६ जुलै, सोमवार

अश्विनी फ्लॅट बघून गेली. मुलाचं नाव सूर्या, सूर्यभान, पणजोबांचं. दोन्ही खोल्यांतून पळाला. माझ्या हातावर अर्धं बिस्कीट ठेवलं, ओलं झालेलं.

वर्गाच्या वेळी याला कुठे ठेवू, ताई, असं तिनं विचारलं.

मी तिला सगळं सांगणार होते. तोंड उघडलंही. घड्याळात नऊला पाच कमी होते. नाव घ्यायचं होतं —

मोबाईल दिला. मागचं पोपटाचं चित्र सूर्याला आवडलं.

यादी वाचून दाखवली. अकरावं नाव तिला घ्यायला लावलं. दोनदा. जरा प्रेमानं घे, म्हटलं.

३० जुलै

आतल्या खोलीला नवा रंग दिला. मीच. नखांच्या खुणा दिसत होत्या.

अश्विनी आणि सूर्याला घर दिलं. मी गुलमोहर रस्त्यावर खोली घेतलीय. माझ्या लॅपटॉपवर वर्ग दिसतो. अश्विनी बरं शिकवते. सूर्या पहिल्या दिवशी मांडीवर चढला. तक्रार आली.

मीच केली.

२ ऑगस्ट, सोमवार

आज मॅडम वर्ग बघायला येणार आहेत. त्यांनीच काल कळवलं. अश्विनीचा फोन आला होता, पोरगा आत बसत नाही, काय करू ताई. एकच दिवस, म्हटलं. कडी आहे.

जिन्यात उभी आहे. दुसरा मजला. लॅपटॉप पायरीवर उघडलाय, वही भिंतीला टेकवून लिहितेय. डब्यात शिरा आहे, तिला आवडतो तसा. चपला पण आणल्या.

हजेरी झाली. अकरावं नाव ऐकलं. हजर — अगदी बारीक. मग बारावं.

गाणं सुरू झालं.

सूर्या रडतोय. आईला हाक मारतोय. दारामागून नाही, लॅपटॉपमधून —

आवाज बंद झाला. अश्विनीनं बंद केला.

दुसरं कडवं.

तिसरं. आता कडी निघेल. आता माझी अलफिया —

कडी वाजली. मी बेल दाब—