दुप्पट वेगातली बाई

सोमवार, ४ ऑगस्ट

हृदयावरचा तास. चार मुली, एक मुलगा. तोही चुकून आलेला. वर्ग चुकलाय हे कळल्यावर उठून गेला. शिपाईमामा दारातून डोकावले – "मॅडम, मागचे पंखे बंद करू?" करा म्हटलं. पुढचेही करा, असं तोंडावर आलं होतं.

गेल्या वर्षी प्राचार्यांनी माझे सगळे तास रेकॉर्ड करून घेतले. "मुलांची सोय हो!" स्वयंपाकघराचं दार लावून, कुकरच्या शिट्ट्या चुकवत, भिंतीशी बोलत ते केले. आता मुलं तेच बघतात. बसमध्ये, होस्टेलवर, गादीवर लोळत. आणि मी इथे खडू घेऊन उभी. बरं, माझी नेमणूक तासांवर. वर्ग असाच ओस राहिला तर पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत, हे प्राचार्यांनी गोड शब्दांत सांगून ठेवलंय.

बुधवार, ६ ऑगस्ट

कॅन्टीनमध्ये एक मुलगी टक लावून बघत होती. जवळ येऊन म्हणाली, "मॅडम, तुम्ही प्रत्यक्षात फारच हळू बोलता." माझ्याच वर्गातली निघाली! सगळे मला दुप्पट वेगाने ऐकतात म्हणे. "नाहीतर झोप येते ना. राग नका मानू."

राग कसला. घरी सांगितलं तर नवरा पोट धरून हसला. "ते बटण आम्हालाही दे की." मी भाजी चिरत राहिले. नंतर आरशासमोर वेगाने बोलून पाहिलं. धाप लागली.

गुरुवार, ७ ऑगस्ट

वर्गात दोघी. त्यांतली एक फोन चार्ज करायला आली होती.

सोमवार, ११ ऑगस्ट

रस्ता खणताना कोणीतरी केबल तोडली. सगळ्या भागाचं नेट गेलं, मोबाइलचंसुद्धा. येत्या सोमवारी चाचणी आहे. पोरं व्हरांड्यात फोन उंच धरून फिरताहेत, बाळ हरवल्यासारखा चेहरा करून. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

मंगळवार, १२ ऑगस्ट

वर्ग भरला! बाक पुरेनात, काही जण खिडकीत बसले.

शिकवायला सुरुवात केली. मग एकजण सवयीने म्हणाला, "मॅडम, थोडं मागे घ्या ना." वर्ग हसला, मीही हसले. मागे घेतलं. सगळ्यांना मूठ आवळायला लावली – एवढंच असतं हृदय, बघा.

कॅन्टीनमध्ये भेटलेल्या त्या मुलीने हात वर केला. तिच्या धाकट्या भावाच्या हृदयाला भोक आहे. "मग रक्त कुठून कुठे जातं, मॅडम? तुमचा व्हिडिओ तीनदा पाहिला. पण व्हिडिओला प्रश्न कसा विचारणार?"

तिच्याजवळ गेले. तिच्याच मुठीवर बोटाने वाट काढून दाखवली. घाई केली नाही. डॉक्टरांना काय काय विचारायचं, तेही सांगितलं. तास संपल्याची घंटा झाली, कोणी उठलं नाही. फोन सगळे बाकांवर, पाण्याच्या बाटल्यांना टेकून नुसते उभे. नेट नाही तर काय करणार बिचारे!

इतक्या वर्षांत असा तास झाला नव्हता. घरी येताना गुणगुणत होते.

गुरुवार, १४ ऑगस्ट

नेट आलं. वर्गात तिघी. ती कॅन्टीनमधली मुलगी त्यांत नाही. निदान तिने तरी यावं असं वाटलं होतं. का वाटावं, कोण जाणे.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

प्राचार्यांनी बोलावलं. चहा मागवला, तेव्हाच कळायला हवं होतं.

मंगळवारचा तास पहिल्या बाकावरच्या फोनने टिपला होता. नेट आल्याबरोबर सगळ्यांकडे गेला. दुसऱ्या कॉलेजांतली मुलंही बघताहेत. "तुमच्या जुन्या व्हिडिओंपेक्षा शंभर पटीने सरस हो! तुम्ही अगदी समोर उभ्या आहात असं वाटतं. आता पुढच्या वर्षी तुम्हाला उगाच यायला लावणं बरं नाही."

घरी येऊन पूर्ण पाहिला. तास खरंच चांगला झालाय.