डॅरिलचा कम्प्युटर चालू आहे

रेक्स,

चॉप्स ओव्हनमध्ये आहेत. खाऊन घे, माझ्यासाठी थांबू नकोस.

तू दुकानात गेलास आणि मला राहवेना. मी डॅरिलचा कम्प्युटर लावला. मेलेल्या मेमरी चिपच्या जागी तू बसवलेले ॲडॉप्टर बोर्ड चालतात. पडदा उजळला, पण त्यावर नुसता एक लुकलुकणारा चौकोन. पोराने लिहिलेला खेळ कुठे गेला म्हणून कम्प्युटर क्लबातल्या केल्विनला फोन केला. तो म्हणाला, "ग्लेनिस, वीज गेली की चिपमधलं सगळं जातं. खेळ कॅसेटवर साठवलेला असणार. रेक्सला माहीत आहे की."

कॅसेटींचा खोका मीच चर्चच्या विक्रीला दिला होता, डॅरिल गेला त्याच हिवाळ्यात, त्याच्या शर्टांबरोबर.

दुरुस्त कर म्हणून मागेही मीच लागले. रोज चहा आणून विचारायची, "दिसेल ना रे त्याचा खेळ?" आणि तू, सगळं माहीत असून, मान खाली घालून सोल्डर करत बसायचास. एकदा तरी भांडायचं होतंस माझ्याशी.

विक्रीचं सगळं मेव्हिस बघायची. ती आता सोरेल गावच्या वृद्धाश्रमात आहे. इतक्या वर्षांनी ती काय सांगणार, तरी विचारायला चालले आहे.

कम्प्युटर चालूच आहे. त्यात काही नाही हे कळतंय, पण बंद करायला मन धजत नाही. तू कर, मी घरात नसताना.

ग्लेनिस