कोटंबवाडी केंद्राची हजेरी

३ जुलै २००६
नाशकात रुजू झाले! गंगापूर रोडला खोली मिळाली, हवा झकास, कोपऱ्यावरचा चहा फक्कड. काम मात्र गमतीचं. अर्थशास्त्राचा तास एकच, पण समोर बाकांवर वीस मुलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर कोटंबवाडी केंद्राची अकरा, उपग्रहाच्या जोडणीवरून ऑनलाइन. हे केंद्र पेठकडच्या डोंगरात आहे. एक डोळा इकडे, एक तिकडे! शिपाई रावजींनी बजावलं, तिकडच्यांना शिकवा, पण हजेरी घेऊ नका. मी ऐकते होय! डोंगरातली पोरं म्हणून त्यांना हजेरी नाही? घेतलीच. अकराही जण "हजर" म्हणाले, पटावर अकरा "ह" मांडले. बरं वाटलं.

५ जुलै
सिन्नरहून येणारा दत्तू आज वर्गात नव्हता. पडद्यावर मात्र बारा जण, आणि बारावा दत्तूच. गेला असेल तिकडे पाहुण्यांकडे. त्याचा दिवस बुडू नये म्हणून त्याचं नाव तिकडच्या पटावर लिहिलं. "हजर" म्हणाला.

७ जुलै
दत्तू परवापासून दवाखान्यात बेशुद्ध आहे. डॉक्टरांना कारण सापडत नाही. रावजींना धरलं तेव्हा ते बोलले. "दोन वर्सांमागं परीक्षेला येताना त्यांची जीप घाटात दरीत कोसळली, मॅडम. अकरातलं एकबी वाचलं नाय. केंद्राला कुलूप हाय, तरी तासाला पडद्यावर येत्यात; नुसतं शिकवलं की गप ऱ्हात्यात. पंधरा पोरांबिगर केंद्र चालत नाय. आता नाव घेतलंत, तर पट भरत्याल ते."
खूप रडले. मग संताप आला.

१० जुलै
आज इकडच्या बाकांवरची ज्योत्स्ना पडद्यावर. तेरावी. तिचं नाव मी लिहिलं नव्हतं, तरी पटावर आहे, माझ्याच अक्षरात. पोरगी घरी निपचित पडलीय. तिची आई कुसाबाई वर्गाच्या दारात बसून आहे. सगळे म्हणतात, तास बंद करा. का करू? घाण मी केली, निस्तरणारही मीच.

१२ जुलै
तिकडच्या पटावरून दत्तूचं नाव खोडलं. त्याच्या रिकाम्या बाकापुढे उभी राहून घसा फाटेस्तोवर त्याला पुकारलं. नवव्या हाकेनंतर दवाखान्यातून फोन. डोळे उघडले! घ्या!

१३ जुलै, सकाळचा तास
तसंच नाव खोडून, हाका मारून ज्योत्स्नाही सुटली. कुसाबाई घराकडे धावली. पडद्यावर पुन्हा अकराच —
आता ते हजेरी घेतायत. माझं नाव —
जीभ आपोआप वळतेय. डावा हात इकडच्या वर्गातल्या पोरांनी घट्ट धरलाय, उजव्याने लिहितेय —
तिसरी हाक. नाही देत ओ, जा!
माझी हजेरी मी घेणार. इथे. नाशकात. माझ्या फळ्यापुढे.
ललिता निकम —
ह